मोठमायबरोबर मुंबईला

जी वस्तू घ्यायचीच नाही तिचा भाव विचारायचा, ऐकून कपाळाला हात लावायचा आणि दुकानदाराशी भांडून पुढे जायचं, ही मोठमायची जुनी खोड. आमच्या गावी, उंद्रीच्या बाजारात ते खपून जायचं. मुंबईत तिच्याबरोबर चालणं म्हणजे पावलापावलाला भांडण.

मोठमाय म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. तीही माझ्यासारखीच ऐन तारुण्यात विधवा झालेली. उभं आयुष्य त्या घरात रांधण्यात आणि शेण काढण्यात गेलं. मला वैधव्य आलं तेव्हा मी मराठी सातवी पास होते. मलकापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, की हिला नर्सचं शिकू द्या. नागपूरच्या जागा भरल्या होत्या. मुंबईच्या एका संस्थेत राहणं, खाणं आणि शिक्षण फुकट होतं. सासरे नाखुशीनेच कबूल झाले. गाडीभाडं आणि वर चिमूटभर पैसे हातावर ठेवून म्हणाले, "जागा नाही भेटली तं लगेच वापस या." सोबतीला मोठमाय निघाली. तिने तोवर शेगावपलीकडचं जग पाहिलं नव्हतं.

तिचं सामान पाहून मी रडकुंडीला आले. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, तवा, पाण्याची कळशी आणि वर पोतंभर गवऱ्या!

"मोठमाय, गवऱ्या काऊन?"

"मुंबईत जळतन इकत घ्या लागते म्हन्ते. मंग आपल्या गाई कायले शेन टाकून राह्यल्या?"

मुंबईत उतरलो त्या धर्मशाळेच्या अंगणात तिने त्या पेटवल्या आणि वरचा सगळा मजला खोकू लागला. तिथला मुनीम धावत आला. "खोकला आधीचाच असन त्यायले," असं त्याला सुनावून ती भाकरी थापत राहिली. मी खांबाआड तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेत मुलाखत होती. समोर ट्राम उभी होती, पण मोठमाय चढेना. "पाय आपले हायेत. त्यायले भाडं कायले?" निघालो पायी. रस्ता विचारायचा तोही ज्याच्या डोक्याला फेटा असेल त्यालाच. तिला तेवढाच माणूस भरवशाचा वाटे. अशाच एका फेटेवाल्याने आम्हाला उलट्या दिशेला धाडलं. ऊन चढलं, माझं एकुलतं एक चांगलं लुगडं धुळीने माखलं, आणि ही वाटेत शहाळ्याचा भाव विचारते, छत्रीचा विचारते, पिंजऱ्यातल्या पोपटाचासुद्धा विचारते! शेवटी मी भर रस्त्यात ओरडले, "उशीर होऊन राह्यला ना!"

"मंग उचल ना पाय," ती शांतपणे म्हणाली.

पोचलो तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. प्रमुख बाई कागद आवरत होत्या. "जागा उरली नाही," त्या म्हणाल्या. "शिवाय तुम्ही वऱ्हाडच्या. आम्ही मुंबई इलाख्यातल्या मुलींना आधी घेतो." ट्रामने आलो असतो तर, हा एकच विचार माझ्या डोक्यात घुमत होता. मोठमायचं तोंडही पाहू नये असं वाटलं. ती मात्र फरशीवर फतकल मारून बसली.

"दुखनं काय इलाखा पाहून येते, बाई?"

"आजी, तसा नियम आहे."

"असू द्या ना. पोरीले एक महिना ठेवून पाहा. धुनं, भांडे, बाळंतिनीचं, सारं करते ते. नाही पटली तं मी येऊन घेऊन जातो."

"इथे घासाघीस चालत नाही हो."

"बरं, पंधरा दिवस ठेवा."

धरणीने मला पोटात घ्यावं असं झालं. बाई म्हणाल्या, "अहो, निजायला खाट नाही." मोठमाय म्हणाली, "खाट कोनाले पायजे? खाली निजन."

बाईंना हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन त्या माझ्याकडे वळल्या. "तुला स्वतःला शिकायचं आहे का?" मोठमाय बोलायला गेली, तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं. मला काय हवं, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "हो. शिकायचं आहे."

पंधरा दिवसांच्या बोलीवर मी राहिले आणि शिक्षण पुरं करूनच निघाले. मला तिथे ठेवून आली म्हणून सासरे मोठमायशी कितीतरी दिवस बोलत नव्हते, असं मागाहून कळलं.

पुढे मलकापूरच्याच दवाखान्यात मला नोकरी लागली. पहिली रजा मिळताच मी उंद्रीला गेले. सासरे ओसरीवरूनच म्हणाले, "झालं ना शिकून? आता घरीच राहा. कामाले मानसं कमी पडून राह्यले." मी सवयीने शेणाची पाटी उचलली. मोठमायने ती हिसकावून घेतली.

"ठेव ते. पाहुनी हायेस तू." मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "उद्या सकाळी गाडी जुंपा. हिले दवाखान्यात जा लागते."

माझी चांगली चार दिवसांची रजा होती! मला तिच्या हातचं वांग्याचं भरीत खायचं होतं, मैत्रिणींना भेटायचं होतं. मी परोपरीने सांगितलं, पण ती ऐकेना. सकाळी गाडीत बसले ती फुरंगटूनच.

गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत ती बैलांच्या पुढे चालत आली. मग बाजूला झाली आणि गाडीवानाला म्हणाली, "हाक लवकर. मांगं पाहू देऊ नको तिले."