मेनस्विच मावशींची परीक्षा

मावशी ब्लाऊज शिवतात, पण गल्ली त्यांना ओळखते ती 'मेनस्विच' म्हणून. मागे त्यांचं घर जळालं तेव्हा पलंगाखालच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री, फ्रिज आणि हीटर अशी तीन बिऱ्हाडं नांदत होती. धुरातून मावशी बाहेर आल्या त्या कुणा गिऱ्हाइकाचा बिनबाह्यांचा ब्लाऊज छातीशी धरून. दागिने आत राहिले. तेव्हापासून कुणाकडे पाणी प्यायला गेल्या, तरी आधी सॉकेटमधल्या प्रत्येक पिनेला उलटा हात लावतात, पोराचा ताप बघावा तसा. कोमट लागली की पिन बाहेर.

मागच्या खेपेला जावयाचा कॉम्प्युटर त्यांनी असाच झोपवला. त्याचं दिवसभराचं काम बुडालं.

आता लेक पुन्हा नोकरीवर जाणार होती. नातीला सांभाळायला मावशी हव्या होत्या.

"आई, एकही पिन काढायची नाही हं. पुन्हा तसं झालं तर हे पोरीला पाळणाघरात घालणार आहेत."

"अगं, मी कशाला हात लावतेय!" मावशी हात पदराखाली लपवत म्हणाल्या.

दोघं कामावर गेली. नात झोपली. वॉशिंग मशीन घरघरायला लागलं आणि मावशींचा जीव खालीवर. त्या बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. नुसतं बघायला काय हरकत आहे, असं म्हणत शेवटी हात गेलाच. पिन चांगलीच गरम!

शब्द पाळावा तर नात आत झोपलेली. मोडावा तर नात पाळणाघरात जाणार. मावशींनी डोळे मिटले, बटण बंद केलं, पिन उपसली आणि स्वतःच जावयाला फोन लावला.

"जावईबापू, काढली हो मी. पाळणाघराचं काय ते तुम्ही बघा. पण आधी वायरमन आणा."

जावई जेवणाच्या सुट्टीत वायरमनला घेऊनच आला. वायरमनने सॉकेट उघडलं, आत डोकावून पाहिलं, मग खिडकीकडे बघितलं.

"वायरिंग ठणठणीत आहे, आजी. इथे थेट ऊन पडतंय, त्यानेच पिन तापली."

मावशींनी पिशवी भरायला घेतली. जावई तिच्यातली साडी काढून खुर्चीवर ठेवत म्हणाला, "आई, पाळणाघरात उन्हाने तापलेली पिन कोण काढणार? राहा तुम्ही. पण मशीन मध्येच बंद केलंत, आता हे कपडे कोण पिळणार?"

"मी!" मावशी पदर खोचून न्हाणीघरात शिरल्यासुद्धा. पहिलाच शर्ट त्यांनी असा पिळला की दोन बटणं उडाली.

"राहू द्या," आतूनच त्या ओरडल्या, "शिवून देते. आणि तो फ्रिज एवढा का हो घुमतोय?"