पटावरचं नाव

हजेरी ही राष्ट्रउभारणीची पहिली पायरी आहे, असं आमचे मुख्याध्यापक परिपाठाला सांगत. त्या सोमवारी त्यांनी मला व्यासपीठाच्या पायरीवर उभं केलं. तोंड मुलांकडं. गळ्यात सुतळीनं बांधलेला पुठ्ठा. पुठ्ठ्यावर लिहिलेलं : ‘अकरा दिवस गैरहजर’.

शाळेनं त्या वर्षी फिरती ढाल काढली होती. महिनाभरात ज्या वर्गाची हजेरी सगळ्यात जास्त, ढाल त्या वर्गाकडं. आमची नववी अ माझ्यामुळं हरली, हे सांगायला वर्गशिक्षिका बाई स्वतः माईकवर आल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी मेंढरासारखं ओरडलं. सगळे हसले. मुख्याध्यापकांनी हसू ओसरेपर्यंत वाट पाहिली आणि मग शिस्तीवर बोलले.

मला काही वाटत नव्हतं. रडू नाही, राग नाही. समोरच्या मुलीच्या बाहीला टाचणी होती. राष्ट्रगीत होईपर्यंत मी ती टाचणी बघत होते.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. दिवाळी झाली की आई-आबा कळप घेऊन रानोरान निघतात. मी पिशोरला चुलतीकडं राहून शाळा करते. त्या महिन्यात मेंढ्या व्यायला लागल्या आणि त्यातच आई तापानं पडली. आबांनी निरोप धाडला. मी गेले.

कळप तेव्हा वेरूळच्या अलीकडं, मका काढलेल्या एका रानात बसवलेला होता. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्यांचं खत होतं. त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. तीन दिवसांत हलून भावकीच्या कळपाला मिळायचं आणि मी शाळेत परतायचं, असं ठरलं होतं. मालकानं हलू दिलं नाही. म्हणाला, “वरचं वावर राहिलंय. आठ दिवस अजून बसवा.”

मालक म्हणजे भाऊसाहेब. राहायला संभाजीनगरात, शेती इकडं. आमची शाळा ज्या संस्थेची, तिचे अध्यक्षही तेच. एका सकाळी बांधावर गाडी थांबवून त्यांनी मला विचारलं होतं. माझ्या दोन्ही काखांत कोकरं होती.

“शाळेत जाती का गं?”

“व्हय.”

“कुठल्या?”

“तुमच्याच.”

“शाब्बास,” म्हणाले, आणि वरच्या वावरात मेंढरं कोणत्या कडेनं घालायची ते आबांना समजावून सांगू लागले.

तर त्या सोमवारी, पुठ्ठा गळ्यातून काढल्यावर, मला कार्यालयात बोलावलं. भाऊसाहेब तिथंच होते. दुसऱ्या वर्गाला ढाल द्यायला आले होते, चहा घेत होते. बाईंनी माझ्यापुढं एक कागद सरकवला. शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, असा अर्ज. माझ्या नावानं, बाईंच्या सुंदर अक्षरात. सहीची जागा तेवढी रिकामी.

“हे बघ बाळा,” बाई म्हणाल्या, “सतरा नंबरचा फॉर्म भर. दहावीला बाहेरून बस. तुलाही मोकळीक, वर्गालाही.”

तेव्हा मला कळलं. गैरहजर पोर पटावरून काढलं की वर्गाची हजेरी वाढते. इतकं सोपं गणित, मला नववीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

भाऊसाहेब बशीतला चहा संपवत म्हणाले, “पोरी, मेंढरं काय कुठं पळून जातात का? आधी शिक्षण.”

“मेंढरं तुमच्या वरच्या वावरात होती,” मी म्हणाले. “आठ दिवस तुम्हीच वाढवले.”

माझा आवाज चढला नव्हता. कुणी तारीख विचारल्यावर सांगावी, तसा होता. भाऊसाहेबांनी बशी खाली ठेवली. मुख्याध्यापक म्हणाले, “वर तोंड करून बोलायचं नाय.” बाई खिडकीतून बाहेर बघायला लागल्या.

“सही करणार नाय,” मी म्हणाले.

“तुझ्या वडिलांना बोलावतो. ते करतील,” मुख्याध्यापक म्हणाले.

“आबाला सही येत नाय. अंगठा मागाल तर मी त्याचा हात धरून ठेवीन.”

कागद टेबलावर तसाच ठेवून मी वर्गात गेले. बाकावर बसले, वही काढली. मनात एक गोष्ट पक्की झाली आणि ती आजपर्यंत सैल झालेली नाही. मेंढ्या व्यायल्या की मी जाणार. काम उरकलं की परत येणार. पुन्हा पायरीवर उभं केलं तर उभी राहीन, आणि कुणाच्या रानात होते ते मोठ्यानं सांगीन. दाखला मात्र मी मागणार नाही. ही शाळा माझी आहे की नाही, हे त्यांना विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घंटेच्या आधी वर्गात होते. हजेरी झालीच नाही. बाई तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला संभाजीनगरला गेल्या होत्या. विषय होता, विद्यार्थ्यांची उपस्थिती कशी वाढवावी.