मारुतीच्या छातीला पाणी

नाशकात पूर मोजायचा तो दुतोंड्या मारुतीवर. गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या त्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की लोक पूर बघायला निघतात, कमरेला लागलं की मक्याची कणसं विकणारे येतात, आणि छातीला लागलं की पुलावर पाय ठेवायला जागा नसते. हेच पाणी काही तासांनी सायखेड्याकडच्या गावांत शिरतं, याच्याशी कणीस खाणाऱ्याला काही देणंघेणं नसतं.

त्यातल्याच एका गावात, नदीकाठच्या खालच्या आळीत, माझी आत्या एकटी राहायची. संधिवाताने गुडघे गेलेले. कोणी उचलल्याशिवाय तिला उंबरा ओलांडता येत नसे. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, पंचवटीत आमच्या शेजारी राहायचा. मारुतीच्या छातीला पाणी लागलं की तो गावातल्या एसटीडी बूथवर फोन करायचा. बूथवाला तिरसट. "लय वैताग हाय तुमच्या म्हातारीचा," म्हणत शटर ओढायचा आणि आत्याला पाठुंगळी मारून वरच्या शाळेत नेऊन ठेवायचा. वाटभर शिव्या द्यायचा. आत्याही त्याला द्यायची. दर पुरात ती कोरडी राहायची.

मग मोबाईल आले. बूथ बंद पडला आणि बूथवाला पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसवर कामाला गेला. आतेभावाने गावातले झाडून सगळे नंबर गोळा केले, एकदम सगळ्यांना मेसेज जाईल अशी सोय केली. केवढा अभिमान त्याला! "एका माणसाच्या भरवशावर कशाला राहायचं?" तो मला म्हणाला. आत्याने स्वतः मोबाईल घेतला नाही. "मला त्यातलं काय कळतंय," म्हणायची. आळीत घरटी एक होताच की.

त्या पावसाळ्यात सकाळीच पाणी छातीला लागलं. आम्ही दोघे पुलावरच होतो. त्याने माझ्यासमोर मेसेज पाठवला: छातीला पाणी, खालची आळी रिकामी करा, माझ्या आईला शाळेत न्या. पोहोचल्याचे रिपोर्ट पटापट आले, तसा तो निवांत झाला. मग खात्री करायला फोन लावू लागला, तर एकही लागेना. अख्खं नाशिक एकमेकांना मारुती कुठवर बुडाला ते कळवत बसलं होतं. गावचा रस्ता पाण्याखाली गेला होता.

दुसऱ्या दिवशी पोहोचलो. शाळेत खालच्या आळीतली माणसं होती, शेळ्या होत्या, रंगीत टीव्ही होते, एकाने कोंबड्यांचं खुराडंही आणलं होतं. आत्या नव्हती.

"आमाला वाटलं, मेसेज समद्यांना गेलाय, कोनी ना कोनी आनलंच आसंल म्हातारीला," तिची शेजारीण म्हणाली, आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आत्या तर अख्ख्या गावावर सोपवलेली. त्या बाईच्या तोंडात चिखल कोंबावासा वाटला मला. अजूनही वाटतो.

आत्या पडलेल्या भिंतीखाली सापडली. उंबऱ्यापर्यंत सरपटत आली होती.

चिता पेटली तेव्हा आतेभावाचा मोबाईल वाजला. पुण्याच्या कुठल्याशा नातेवाइकाचा मेसेज होता. त्याने वाचला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. त्याचाच मेसेज फिरून आला होता, शब्द न् शब्द: छातीला पाणी, खालची आळी रिकामी करा, माझ्या आईला शाळेत न्या. खाली कोणीतरी जोडलं होतं, दहा जणांना पाठवा, मारुती पावेल.