चेन्नईत शेवटून पहिली शाळा पाहिली

ढ मुलाला मुद्दाम पहिल्या बाकावर बसवतात, तसं आमच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मला चेन्नईला पाठवलं. सोलापूर जिल्ह्यातली माझी दोनशिक्षकी शाळा तालुक्यात शेवटून पहिली. तिसरीची बरीच मुलं पहिलीच्या पुस्तकात अडखळतात. चेन्नईच्या महापालिका शाळांत मागे पडलेल्यांना हात देण्याचं काहीतरी नवं चाललंय, ते बघून या, असा हुकूम निघाला. आम्ही सहाजण होतो, पण या गोष्टीला एक माने सर पुरेत. ते आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. ते येतात, खुर्चीत बसतात, शेरा लिहितात, चहा घेतात आणि पुन्हा वर्षभर दिसत नाहीत.

खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. त्याच आठवड्यात माझी बार्शीची बदली मंजूर झाली होती. बार्शीत आमचं घर आहे, नवरा तिथे, आणि मी कित्येक वर्षं शाळेच्या गावात खोली घेऊन एकटी राहते. महिनाअखेरपर्यंत फक्त हो म्हणायचं बाकी होतं. जी शाळा सोडायची तिच्यासाठी एवढा प्रवास कशाला? "जाऊन ये, समुद्र तरी दिसेल," नवरा म्हणाला. हे मात्र पटलं.

सोलापुराहून चेन्नईला थेट गाडी आहे. सकाळी बसलो, रायचूरच्या पुढे भाषा बदलली, गुंतकलला दहीभाताची पाकिटं आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सेंट्रलला उतरलो. जाणाऱ्यांसाठी सांगते, स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याशी आधी भाव ठरवा, मीटर नुसता शोभेला असतो. एग्मोरला स्वस्त आणि स्वच्छ लॉज मिळतात. तिथून लोकलने बीच स्टेशनला गेलं की जॉर्ज टाउन पायी गाठता येतं, तिकीट अगदी किरकोळ. पंचवीस-तीस रुपयांत पानभर जेवण मिळतं आणि वाढपी नको म्हणेपर्यंत भात वाढतो. माने सरांना नको कसं म्हणायचं ते शेवटपर्यंत जमलं नाही.

आमच्या यजमान विजयाबाई. मूळ तंजावूरचं मराठी घराणं, दोन पिढ्यांपासून चेन्नईत. पूर्वी शाळेत शिकवायच्या, आता जॉर्ज टाउन भागातल्या कमकुवत शाळांना मदत करायची त्यांची नेमणूक. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता आणि शब्द माझ्या आजीच्याही आधीचे.

"चांगली शाळा पाहून काय करतांत?" त्या म्हणाल्या. "ती चालतेच आहे. पडत होती ती दाखवितें. वांगो, वांगो, या."

आपल्याकडे पाहुण्यांना नेहमी रांगोळी काढलेली शाळा दाखवतात. ही बाई आम्हाला तिच्या भागातल्या एकेकाळी सगळ्यांत मागे असलेल्या शाळेत घेऊन निघाली. मला ती तिथेच आवडली.

घाऊक बाजाराच्या गल्लीत, लसणाच्या आणि मिरच्यांच्या पोत्यांमधून वाट काढत आम्ही पोचलो. इमारत जुनाट, पण आत पाऊल टाकलं आणि मी उभीच राहिले. बाक नाहीत. मुलं चटयांवर गोल करून बसलेली. भिंतीच्या खालच्या भागात सगळीकडे काळा रंग दिलेला, प्रत्येक मुलाला आपल्या हाताच्या उंचीवर आपला फळा. मुलं मांडणीतून आपापल्या धड्याचं कार्ड काढून आणत होती. एक पुढच्या धड्यावर, दुसरं मागच्या, आणि कुणाला त्याची लाज नाही. आरडाओरडा नव्हता, पण गप्पही कुणी नव्हतं. मला हेवा वाटला, अगदी उघड वाटला.

वर्गाच्या सेल्वी टीचरांनी आमच्यासाठी खुर्च्या मागवल्या. माने सर बसले. विजयाबाई मात्र चपला काढून सरळ चटईवर, अडखळणाऱ्या मुलांच्या घोळक्यात. इतक्यात दोन वेण्यांची एक मुलगी भिंतीपाशी गेली, फळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून कमरेवर हात घेतला आणि विजयाबाईंना तमिळमध्ये झापू लागली. विजयाबाईंनी दोन्ही कान पकडले. अख्खा वर्ग हसला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"मागच्या गुरुवारीं जातांना तिकडे लिहून गेलें, प्राण्यांचीं चित्रं आणतें म्हणून. आज विसरलें. रागावती ती."

"मुलं साहेबाला जाब विचारतात?" माने सर खुर्चीतच ताठ झाले.

"मी साहेब नहीं, सर. टीचरच आहें. पुढच्या वेळीं काय आणतें तें इथें लिहितें, मग पळतां येत नहीं."

मधल्या सुट्टीत मी सेल्वी टीचरांना विचारलं, वरून कुणी आलं की धडकी भरत नाही? विजयाबाईंनी माझा प्रश्न तमिळमध्ये सांगितला आणि सेल्वीचं उत्तर मराठीत. गंमत म्हणजे उत्तर विजयाबाईंबद्दलच होतं, तरी त्यांनी काही गाळलं नाही.

"विजया टीचर येणार कळलं की ती रजा टाकायची म्हणती. वाटायचं, शेरा मारून जातील. मग एकदां सांपडली. तेव्हां विजया टीचर म्हणाल्या, वर्ग मी घेतें, तूं बघ आणि माझ्या चुका सांग."

"आणि सांगितल्या?"

"सांगितल्या कीं! घाईनं बोलतां म्हणाली. मागचीं मुलं तुम्हांला दिसतच नहींत म्हणाली." विजयाबाई मनापासून हसल्या. "खरंच होतं तें."

संध्याकाळी मरीनावर गेलो. समुद्र दिसला, मक्याचं कणीस खाल्लं, पाय भिजवले. विजयाबाईंना मी बदलीचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, मुलांसाठी थांबा वगैरे उपदेश करतील.

"मी असतें तर बदली घेतली असती," त्या म्हणाल्या. "एकटी टीचर किती ओढेल? सेल्वी पण गेली असती. कोणीतरी परत परत यायला पाहिजे."

ते वाक्य मी गाडीत सोबत आणलं. परतीच्या वाटेवर रेणिगुंट्याच्या पुढे माने सर कॉफी पीत असताना मी म्हटलं, "सर, बदली नाकारायचा विचार करतेय. पण तुम्ही दर मंगळवारी येऊन माझी तिसरी घ्यायची. खुर्ची मिळणार नाही."

सर कॉफीकडे बघत म्हणाले, "बघू." आमच्या खात्यात बघू म्हणजे नाही. मीही मनाशी ठरवलं, मंगळवारी सर आले नाहीत तर बुधवारी बार्शीला हो कळवायचं. बाहेरगावी शिकणारी लेक तेव्हा कौतुकाने मला हा ब्लॉग काढून देत होती, तिलाही हे सांगितलं नाही.

मंगळवारी परिपाठ झाला, हजेरी झाली, सर नाहीत. मधली सुट्टी जवळ आली तशी मी बार्शीच्या घराला पडदे कुठले लावायचे याचा विचार करू लागले. आणि फाटकात मोटरसायकल थांबली.

सर सतरंजीवर बसले, गुडघे वाकत नव्हते तरी बसले. अडखळणारी पाच मुलं समोर घेतली. सवयीने आवाज चढला आणि एक मुलगी रडायलाच लागली. सरांनी तिला गोष्ट सांगायला घेतली, ती मध्येच विसरले. घामाघूम झाले. मुलांना काही आलं नाही, मला खात्री आहे. शेवटी तांब्याभर पाणी पिऊन ते म्हणाले, "मॅडम, मला हे जमत नाही." एवढ्या नोकरीत वरच्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, संपलं.

"पुढच्या मंगळवारी लवकर येतो," सर म्हणाले. "आधी तुम्ही घ्या, मी बघतो."

त्या संध्याकाळी बूथवरून बार्शीला फोन लावला आणि बदली घेत नसल्याचं नवऱ्याला सांगितलं. चेन्नई, भिंतीवरचे फळे, माने सरांचे गुडघे, सगळं एका दमात सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे अजून एकट्यानेच जेवायचं मी," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. मग बूथवरचं मीटर पळत राहिलं आणि मी त्याला आज काय शिजवलंस ते विचारत राहिले.