नाण्यावरची बाई

नाणेकाका बायकोशी दिवसाला मोजून तीन शब्द बोलत: चहा, चावी आणि चला. बाकीचं सगळं बोलणं त्यांनी पाहुण्यांसाठी राखून ठेवलं होतं. त्यांचं ते सोन्याचं रोमन नाणं पाहिलं नाही असा मराठी माणूस परदेशातल्या आमच्या या कॅरी गावात शोधून सापडला नसता.

डॉक्टरकीतून निवृत्त होताना त्यांनी ते स्वतःलाच भेट म्हणून घेतलं होतं. एका बाजूला देश जिंकून आलेला सम्राट. दुसऱ्या बाजूला खजुरीच्या झाडाखाली गालाला हात लावून बसलेली बाई, म्हणजे तो हरलेला देश. "राजाचं सोडा, राजे सगळे सारखेच. हिला बघा," असं म्हणून काका सुरू झाले की तासाभराची निश्चिंती. गाडीत जाऊन बसलेल्या पाहुण्यालाही उरलेली लढाई खिडकीतून ऐकावी लागे. मला ती गोष्ट तोंडपाठ होती आणि खरं सांगायचं तर कंटाळाही यायचा.

एका लक्ष्मीपूजनाला आम्ही जमलो, तर चौरंगावर चांदीच्या नाण्यांमध्ये हे नाणं आणि त्यावरच्या बाईला ओलं कुंकू. काका भडकलेच.

"अगं, हे काय केलंस? लक्ष्मी नाहीये ती. प्रिझनर आहे."

काकू निरांजन लावत शांतपणे म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं? तुमचं सुरू झालं की मी आत चहा टाकत असते."

तो चहा आम्हीच तर पीत आलो होतो.

"सांगतो की," काका म्हणाले. "विंटरमध्ये निवांत बसून सगळं एक्सप्लेन करतो."

जानेवारीत काकूंना स्ट्रोक आला. त्यातून त्या उठल्या नाहीत. शेवटच्या आठवड्यात मी हॉस्पिटलमध्ये गेले, तेव्हा काका खुर्ची पलंगाला चिकटवून, नाणं काकूंच्या डोळ्यांसमोर धरून, पहिल्यापासून सांगत होते. या वेळी लढाया नव्हत्या, सनावळ्या नव्हत्या. "ही बघ. हिचं घरदार गेलंय गं. आणि कुणी विचारतही नाही." काकूंची नजर छताला लागलेली. जन्मभर डॉक्टरकी केलेल्या माणसाला हे कळत नव्हतं थोडंच? मला त्यांची फार दया आली.

गोष्ट संपली. भेटीची वेळ संपल्याचं नर्सने खुणेने सांगितलं.

"काका, निघू या ना?"

"थांब गं जरा," ते म्हणाले. "ती काहीतरी विचारेल."