फरशी वाळेपर्यंत

आमच्या समोरच्या घरातल्या आपा जन्मल्या तेव्हा त्यांनी आधी पाळणा झटकून घेतला असणार आणि मगच रडायला सुरुवात केली असणार, याबद्दल मला शंका नाही. दौलताबादकडून वारा सुटला की त्या चौकटीवरून बोट फिरवून धूळ ओळखतात. एकदा आमच्याकडे तसं बोट फिरवून, ते उजेडात धरून म्हणाल्या, "भाऊ, ये बाहर की नहीं. ही तुमच्या किताबांची हाय." त्यांच्या घरात कापडालाही नोकरीसारख्या पायऱ्या आहेत, फक्त उतरत्या. चादरीचा अभ्रा होतो, अभ्र्याचं फडकं, फडक्याचं पोतेरं. त्यांच्या यजमानांचा, म्हणजे भाईजानांचा, आवडता शर्ट ते अंघोळीला गेले असताना थेट फडक्यांत गेला. "मी हलतो म्हणून वाचलोय," असं भाईजान सांगतात.

फरशी पुसली जाताना घरात सापडेल त्यानं पलंगावर पाय वर घेऊन बसायचं, पंखा पाचवर सोडायचा, आणि आपांनी "उतरा" म्हणेपर्यंत हलायचं नाही. चितेगावच्या कारखान्यात जाणारा त्यांचा जावई असाच पलंगावर अडकून कंपनीच्या बसला मुकला. साहेबांना त्यानं खरं कारण सांगितलं. साहेबही कुणाचे तरी जावई असल्यामुळे ते मान्य झालं.

आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा येतो. सारी गल्ली पाणी जपून ठेवते; आपा मात्र नळ यायच्या आधी ड्रम रिकामा करतात, घासतात आणि उन्हात पालथा घालतात. आठ दिवसांपुढचं पाणी त्यांच्या लेखी पाणी नसतं, डासांचं बाळंतपण असतं. माझी पत्नी त्यांना हसायची, आणि त्यांची पाठ वळली की आपलाही ड्रम घासायला घ्यायची.

ती गेली, त्या दिवशी सकाळीच तिनं ड्रम भरून त्याच्या तोंडाला जुन्या साडीचा तुकडा बांधला होता. त्यानंतर तीनदा नळ आला. मी बादल्या भरल्या. ड्रमला हात लावला नाही.

चौथ्या खेपेला, नळ यायच्या बऱ्याच आधी, आपा आल्या. गाठ सैल झाली होती. कापड उचलून त्यांनी आत पाहिलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"आपा, हे तिनं भरलेलं आहे," मी म्हणालो. "सांडू नका."

त्यांनी कापड पुन्हा ड्रमवर ठेवलं. मग म्हणाल्या, "भाभीनं कशाला भरलं होतं, भाऊ?"

"घर पुसायला. भांड्यांना."

"मग तिचं काम राहिलंय की. सांडत नाय मी. घर पुसते."

त्याच साडीच्या तुकड्यातून त्यांनी ते पाणी बादली बादली गाळलं. अळ्या अंगणात तापलेल्या फरशीवर झटकल्या. प्रत्येक बादलीत टोपणभर फिनेलही ओतलं. दुःख वेगळं आणि जंतू वेगळे, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मग सगळ्या खोल्या, अगदी पुस्तकांच्या कपाटामागची जागासुद्धा, पुसून काढली. मी पलंगावर पाय वर घेऊन बसलो होतो.

शेवटी सवयीनं मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला. आपा उंबऱ्यात टेकल्या होत्या.

"राहू द्या, भाऊ. आज वाळू द्या तिच्या मनानं."

बाहेर उन्हात ड्रम पालथा होता. त्यावर धुतलेला साडीचा तुकडा वाळत होता. तो पोतेऱ्यात जाणार नाही, असं आपांनी न विचारताच सांगून टाकलं होतं. नळ यायला अजून तासभर होता.