मेहरनाझच्या कोटाचा खांदा

मेहरनाझ गेल्याची बातमी मला तिच्या बुटीकच्या इन्स्टाग्राम पानावरून कळली. शारजाहून दुबईला जाणाऱ्या बसमध्ये सकाळच्या गर्दीत उभी होते, आणि फोनवर तिचा काळा-पांढरा फोटो... खाली अनोळखी लोकांचे बदामच बदाम. चौदा वर्षं तिच्या शेजारी उभी राहून कापड कापलं मी, आणि मला कळलं ते त्या अनोळखी लोकांच्या बरोबरीने. दुःख आधी झालं की राग आधी आला, आज सहा आठवड्यांनीही सांगता येत नाही.

मी वसईतल्या पापडीची. पप्पांचं तिथे टेलरिंगचं दुकान. चर्चमधल्या लग्नांचे सूट शिवावेत तर त्यांनीच, असा लौकिक. कटिंग मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि लग्नानंतर इकडे शारजातल्या अल नहदाला आले. मेहरनाझ शिराझहून आलेली, तेव्हा आमच्याच टॉवरमध्ये दोन मजले खाली राहायची. तिच्याकडे आईने दिलेली पेटीभर टर्मे होती. टर्मे म्हणजे त्यांच्याकडचं कोयऱ्यांचं जाड रेशमी कापड. आणि डोक्यात एकच वेड, त्याचा साहेबी कोट करायचा! पण ते कापड खांद्यावर बसेना, पुठ्ठ्यासारखं उभं राही. तीन कोट वाया गेले. मग मी पप्पांची युक्ती केली. खांद्याचा तुकडा सरळ न कापता उरेब, म्हणजे तिरका कापला आणि ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवत हळूहळू वळवला. कोट घालून मेहरनाझने आरशासमोर वळून वळून खांदा पाहिला. मग मला मिठी मारून म्हणाली, "खलास, सीसी जान! यही है." माझं नाव सिसिलिया. त्याचं सीसी तिनेच केलं.

तोऱ्यात राणी, पण मायाही तशीच. ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात मी तिच्या स्कार्फचं कौतुक केलं, तर तिने तो गळ्यातून काढून माझ्या हातात ठेवला. "तुम्हारा है." मी भाबडी, थँक्यू म्हणून घरी घेऊन आले! दुसऱ्या दिवशी हसून हसून तिची पुरेवाट. तेव्हा तिने मला त्यांचा तारोफ समजावला. देणाऱ्याने द्यायचं, घेणाऱ्याने नको म्हणायचं, पुन्हा द्यायचं, पुन्हा नको. "पहली बार तमीज़, दूसरी बार भी तमीज़. तीसरी बार दिल से." हा तर आपल्या पंगतीतला आग्रह, मी म्हटलं. मी स्कार्फ परत दिला आणि तिने तो घेतलाही. त्यानंतर साधा चहासुद्धा ती मला तीनदा विचारायची, मीही दोनदा नको म्हणून मग कप उचलायची. माझा नवरा हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा आठ दिवस केशरभाताचा डबा घेऊन ती कॉरिडॉरमध्ये येऊन बसायची. माझं 'नको, कशाला' कानावरच घ्यायची नाही. ती वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं.

मग पहिला मोठा फॅशन शो ठरला. आम्ही दोघी कोटांना लेबलं लावत होतो. मान वर न करता तिने विचारलं, "लेबल पे तुम्हारा नाम भी डालें?" मला हवंच होतं. पण एकदम हो कसं म्हणायचं? तारोफ शिकवणारीच समोर बसलेली. मी म्हटलं, "नहीं नहीं, मेरा क्या काम." "अच्छा," ती म्हणाली आणि तिने पुढचं लेबल उचललं. मी थांबले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबले. खरं सांगायचं तर पुढची बारा वर्षं थांबले... तिने पुन्हा विचारलंच नाही.

कोटांचं नाव झालं. मुलाखतींत ती सांगायची, इराण मला आईने दिलं आणि पश्चिम मला पॅरिसने दिली. पॅरिसला ती एकदा गेली होती, चार दिवस. पॅरिस कसलं डोंबलाचं, तो खांदा पापडीचा होता! माझे पप्पा वारले त्या वर्षी तरी त्यांचं नाव घेईल असं वाटलं होतं. नाही घेतलं. मीही तोंड उघडलं नाही. मागून घेणं मला कमीपणाचं वाटलं, ही माझी चूक.

गेल्या आठवड्यात तिची मुलगी रोया घरी आली. आईच्या आठवणीत कोटांचं प्रदर्शन करायचंय, एक कोट अर्धवट राहिलाय. "आंटी, ओन्ली यू कॅन डू द शोल्डर." मी म्हटलं, "करते, पण लेबलवर माझंही नाव लागेल." ती चकित झाली. "बट मॉम आस्क्ड यू! शी सेड, सीसीलाच नको होतं."

म्हणजे माझं ते एक 'नको' मेहरनाझने जपून ठेवलं होतं. लेकीलाही सांगून ठेवलं होतं. आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"कितीदा विचारलं, ते सांगितलं का तिने?" मी म्हटलं.

इथे वाढलेली असली तरी रोया इराणी आईची मुलगी. तिला लगेच कळलं. तिने मान खाली घातली. "वन्स, आंटी. ओन्ली वन्स."